गरोदर बंदिनी आणि दंडविधान : शिरूर अनंतपाळ परिसरातील अभ्यासकासाठी साधनांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

दंडविधानाच्या इतिहासात गरोदर स्त्रीचे स्थान मोठे विलक्षण आहे. शिक्षा अपराध करणाऱ्यासच व्हावी, अन्य कोणासही होऊ नये, हे तत्त्व बहुतेक सर्व सुधारलेल्या समाजांनी शब्दशः मान्य केलेले आहे. परंतु अपराधिनी गरोदर असली म्हणजे हे तत्त्व अडचणीत येते. तिला बेडी घातली, उपाशी ठेवले किंवा फासावर चढविले, तर शिक्षा एका जिवाला होत नाही. दंड देणाऱ्या सत्तेने ह्या अडचणीतून कोणत्या काळी कोणता मार्ग काढला, हे पाहिले असता त्या सत्तेची न्यायकल्पना आणि स्त्रीविषयक कल्पना ह्या दोहोंचाही उलगडा होतो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी लघुप्रबंधासाठी विषय शोधीत असतात, तेव्हा हा विषय क्वचितच त्यांच्या दृष्टीस पडतो. तो अभ्यासास योग्य कसा आहे, त्याची साधने कोठे आढळतात आणि ती कोणत्या सावधगिरीने वाचावयास हवीत, ह्याचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी शिरूर अनंतपाळचा परिसर मुद्दाम निवडला आहे. आज हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. निलंगा व उदगीर ह्यांच्या निकटचा हा मुलूख गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इतक्या राज्यव्यवस्थांखालून गेला आहे, की एकाच गावातील फौजदारी प्रकरणांचे कागद आज तीन राज्यांत विखुरलेले असावयाचे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकापुढे येणाऱ्या अडचणींचा हा नमुनाच आहे.

२. प्राचीन दंडनीतीतील दृष्टी

गरोदर अपराधिनीचा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य कायद्याबरोबर आला, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. कौटिलीय अर्थशास्त्राने चौकशीतील छळाचे नियम सांगताना गरोदर स्त्रीस आणि प्रसूतीनंतर एक महिना न लोटलेल्या बाळंतिणीस छळातून वगळले आहे. स्त्री अपराधिनीस पाण्यात बुडवून मारण्याची शिक्षा सांगतानाही ती गरोदर असल्यास प्रसूतीनंतर किमान महिनाभर शिक्षा लांबवावी, असे त्याच ग्रंथात म्हटले आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतही अशाच शिक्षेच्या ठिकाणी स्त्री ‘अगर्भिणी’ असावी, ही अट स्पष्ट आहे.

ह्या स्मृतीवरील सर्वमान्य टीका म्हणजे विज्ञानेश्वराची मिताक्षरा होय. ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) आश्रयाने लिहिली गेली. हे कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, निलंगा परिसरापासून फार दूर नाही. ज्या ग्रंथाने पुढे हिंदुस्थानच्या मोठ्या भागात धर्मशास्त्राचा निर्णय दिला, तो ह्याच टापूच्या शेजारी रचला गेला, ही गोष्ट येथील विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मात्र ह्या नियमांचा अर्थ लावताना भाबडेपणा उपयोगाचा नाही. ह्यात दया आहे, पण ती स्त्रीविषयीची नव्हे. ती तिच्या उदरातील जिवाविषयीची आहे. महिना लोटला की शिक्षा व्हावयाचीच. स्त्री ही येथे केवळ पात्र आहे आणि पात्रातील वस्तू काढून घेतल्यानंतर ते फोडावयास शास्त्राची हरकत नाही. ही दृष्टी पुढे किती शतके टिकली, हे खालील विवेचनावरून दिसून येईल.

पेशवाईच्या काळात बदकर्माचा आरोप सिद्ध झालेल्या स्त्रियांना किल्ल्यांवर अटकेत ठेवीत किंवा कुणबीण करून सरकारी कारखान्यांत कामास लावीत. कुणबिणीच्या पोटी आलेली संततीही दास्यातच राही. येथे गर्भाविषयीची दया देखील मागे पडते. गर्भ हा सरकारच्या मालमत्तेत पडलेली भर ठरतो.

३. गर्भ हाच पुरावा

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न वेगळ्याच अंगाने पुढे येतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत गर्भपात, मूल जिवंत जन्मू नये म्हणून केलेले कृत्य, बारा वर्षांखालील अपत्याचा त्याग आणि मृत अर्भकाचे प्रेत लपवून जन्म दडविणे, असे गुन्हे कलम ३१२ ते ३१८ ह्यांमध्ये एकत्र आले. गर्भपाताच्या गुन्ह्यात खुद्द गरोदर स्त्रीसही आरोपी धरण्यात आले. अर्भकहत्येसाठी मात्र वेगळे कलम नव्हते. ती खुनाच्याच सदरात पडे. इंग्लंडात १९२२ साली आणि नंतर १९३८ साली बाळंतपणामुळे चित्तवृत्ती बिघडलेल्या मातेने अर्भक मारल्यास तो खून न मानण्याचा कायदा झाला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा झाला नाही.

ह्या कलमांचा प्रहार कोणावर झाला? प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांवर. पुनर्विवाहाची बंदी, घरातल्याच पुरुषांची सत्ता आणि गर्भ राहिल्यास होणारी बेअब्रू, ह्या तिहेरी पेचात सापडलेल्या स्त्रीस विहीर किंवा अर्भकाचा गळा, एवढेच दोन मार्ग दिसत. ह्याचे लेखी साधन म्हणून जोतीराव फुले ह्यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी मलबारींच्या टिपणांवर दिलेले मत पाहावे. फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे ह्यांच्या घरी स्वयंपाकास असलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत त्यात आहे. एका शास्त्र्याने तिला फसविले, गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल जन्मले आणि बेअब्रूच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले. पुण्याच्या न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. १८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरी विधवांसाठी गुप्तपणे बाळंत होण्याची सोय केली, ती ह्याच पार्श्वभूमीवर. १८८४ पर्यंत पस्तीस गरोदर विधवांनी तिचा आश्रय घेतला होता, असे फुल्यांनी त्या मतात नमूद केले आहे. पंढरपुरासही १८७५ साली न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने अशा टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला. पंढरपूर हे मराठवाड्यातील वारकऱ्यांचे नित्याचे यात्रास्थान असल्यामुळे आपल्या परिसराच्या दृष्टीनेही त्याचे महत्त्व आहे.

१८८१ सालचा सुरतेचा खटला त्याहून अधिक गाजला. विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल तेथील न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयात अपील होऊन ती काळ्या पाण्यावर आली व नंतर पाच वर्षांवर उतरली. ह्या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. गर्भ राहण्यास दोघे कारण आणि कठड्यात उभी एकटी, ही विसंगती तीत परखडपणे मांडली आहे. हा ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला होता, स. गं. मालशे ह्यांनी १९७५ साली तो पुन्हा उजेडात आणला. अभ्यासकाने एवढे लक्षात घ्यावे की, ज्या खटल्याने मराठीतील स्त्रीविषयक विचारास एवढी चालना दिली, त्यातील मुख्य स्त्रीचे स्वतःचे म्हणणे आपणांपर्यंत पोहोचते ते न्यायालयाच्या आणि वृत्तपत्रांच्या गाळणीतूनच.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एकोणिसाव्या शतकातील फौजदारी कागदांत गरोदरपण प्रथम येते ते पुरावा म्हणून, आरोग्याची अवस्था म्हणून नव्हे. सुईणीची साक्ष आणि डॉक्टरची तपासणी होते ती स्त्री बाळंत झाली होती की नाही, हे ठरविण्यासाठी. तिला रक्तस्राव होतो काय, ताप आहे काय, अंगावर दूध आहे काय, हे प्रश्न त्या कागदात आले तरी त्यांचे उत्तर तिच्या विरुद्ध वापरावयाचे असते.

४. फाशीची तहकुबी

मृत्युदंडाच्या बाबतीत कायदा काय म्हणे, हे नीट पाहिले पाहिजे. १८८२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८२ प्रमाणे, फाशीची शिक्षा झालेली स्त्री गरोदर आढळल्यास उच्च न्यायालयाने शिक्षेची अंमलबजावणी पुढे ढकलावी आणि योग्य वाटल्यास ती काळ्या पाण्याच्या शिक्षेत बदलावी, अशी तरतूद होती. १८९८ च्या संहितेत हेच कलम त्याच क्रमांकाने कायम राहिले. ढकलणे बंधनकारक, बदलणे ऐच्छिक, असा हा भेद होता. म्हणजे कौटिल्याचा एक महिना आणि १८८२ चे कलम ह्यांत तत्त्वतः फारसे अंतर नव्हते. फक्त न्यायाधीशाच्या सद्सद्विवेकास एक दार उघडे ठेवले होते.

इंग्लंडातील परंपराही अशीच. तेथे दंडित स्त्रीने आपण गरोदर असल्याचे सांगितले की विवाहित स्त्रियांची एक पंचायत बसवून तिची तपासणी होई. १९३१ च्या कायद्याने ही पंचायत रद्द झाली आणि गरोदर ठरलेल्या स्त्रीस फाशी द्यावयाचीच नाही, असा निश्चित नियम झाला. आपल्याकडे १९७३ च्या संहितेत कलम ४१६ म्हणून जुनीच भाषा उतरली. २००८ साली संसदेने मंजूर केलेल्या व ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तहकुबीची शब्दयोजना काढून टाकली आणि शिक्षा जन्मठेपेत बदलणे उच्च न्यायालयावर बंधनकारक केले. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५६ मध्ये तीच तरतूद आहे. इंग्लंडनंतर ह्या पावलास आपणांस अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

ह्या शब्दबदलाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. तहकुबीच्या व्यवस्थेत बाळंतपण हीच फाशीची मुदत ठरत असे. ज्या क्षणी स्त्री माता होई, त्या क्षणापासून तिचे दिवस मोजले जाऊ लागत. आता प्रथमच कायद्याने मान्य केले की, जन्मास येणाऱ्या मुलाला केवळ जन्म पुरत नाही, त्याला आई लागते.

५. तुरुंगातील नोंदी

तुरुंगाच्या चार भिंतींआड काय घडते, ह्याचे साधन म्हणजे तेथील नोंदवह्या. १८९४ च्या तुरुंग कायद्याने स्त्री कैद्यांना स्वतंत्र इमारतीत किंवा इमारतीच्या स्वतंत्र भागात ठेवण्याचा नियम केला, त्यांची झडती स्त्री कर्मचाऱ्याकडून व्हावी असे ठरविले आणि तुरुंगातील गैरवर्तनाबद्दल त्यांस बेड्या अगर फटके देण्यास मनाई केली. न्यायालयीन शिक्षा म्हणून स्त्रीस फटके मारू नयेत, हे तर १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यानेच ठरलेले होते.

ह्याच कायद्याच्या बाराव्या कलमात अधीक्षकाने ठेवावयाच्या वह्यांची यादी आहे : दाखल कैद्यांची वही, सुटकेच्या तारखांची वही, शिक्षांची वही, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही आणि कैद्यांकडून घेतलेल्या पैशांची व वस्तूंची वही. कैद्याजवळ सापडलेल्या चार आण्यांसाठी स्वतंत्र वही कायद्याने सांगितली. पोटातील मुलासाठी सांगितली नाही. गरोदर बंदिनीचा माग काढावयाचा तर दाखल्याच्या वहीतील वैद्यकीय शेरा, वैद्यकीय अधिकाऱ्याची रोजनिशी, आहारात झालेला बदल, हलके काम दिल्याची नोंद, रुग्णालयात रवानगी, मृत्यूचा अहवाल, अशा आडवाटांनीच तो काढावा लागतो. दूध वाढवून दिल्याच्या एका ओळीवरून एका बाळंतपणाचे अनुमान करावयाचे, असे हे काम आहे. ते चिकाटीचे आहे, तसेच संयमाचेही. अनुमान आणि पुरावा ह्यांची सरमिसळ होता कामा नये.

भेटवह्या ह्या विशेष उपयोगी पडतात. १९८३ साली पत्रकार शीला बर्से ह्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेऊन त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयाकडे नेली. न्यायमूर्ती भगवती ह्यांच्या खंडपीठाने स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री पोलिसांचा पहारा व कायदेशीर साहाय्य ह्यांविषयी निर्देश दिले. बाहेरच्या एका व्यक्तीने आत जाऊन विचारले, म्हणून हे सर्व उजेडात आले. पुढे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८७ साली स्त्री कैद्यांविषयी अहवाल दिला. तोही मूळातून वाचावा.

६. शिरूर अनंतपाळचा अभ्यासक कोठे जाईल?

आता स्थानिक साधनांचा विचार करू. निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत ते मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. ह्याचा अर्थ असा की, १९५६ पूर्वीच्या प्रकरणासाठी बीदर व हैदराबाद, १९५६ ते १९८२ ह्या काळासाठी उस्मानाबाद आणि त्यानंतरच्या काळासाठी लातूर, अशी वाट धरावी लागते. वरिष्ठ न्यायालयही बदलत गेले : प्रथम हैदराबादचे उच्च न्यायालय, १९५६ नंतर मुंबईचे आणि १९८० च्या दशकापासून त्याचेच औरंगाबाद खंडपीठ. एका गावाच्या इतिहासासाठी तेलंगणा, कर्नाटक व महाराष्ट्र अशा तिन्ही राज्यांतील दप्तरे उघडावी लागतात.

दुसरी अडचण भाषेची व कालगणनेची. निजामी राजवटीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कचेऱ्यांतून फार्सीची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या स्त्रीचा जबाब उर्दूत उतरलेला असावयाचा. तिने कोणता शब्द वापरला आणि कारकुनाने त्याचे काय केले, हा प्रश्न प्रत्येक जबाबाजवळ थांबून विचारला पाहिजे. ‘दिवस गेले’, ‘पोटुशी’, ‘अंगावर राहिलं’ ह्या बोलण्यातल्या शब्दांना निरनिराळी छटा आहे. ‘हामिला’ ह्या एका शब्दात ती सर्व बुजून जाते. तारखा फसली सनाने व आजर, दै, बहमन अशा महिन्यांनी दिलेल्या आढळतात. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळविल्यास इसवी सन निघतो. म्हणजे फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे पडते. हैदराबाद मुक्तीचा सप्टेंबर १९४८ ह्याच वर्षात येतो.

तिसरी बाब कायद्याची. हैदराबाद संस्थानाची फौजदारी संहिता निराळी होती. भारतीय दंडसंहिता व प्रक्रिया संहिता येथे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाल्या. त्यापूर्वीच्या प्रकरणास ब्रिटिश हिंदुस्थानातील कलमांचे आकडे लावणे ही मोठी चूक ठरेल. प्रकरणाची तारीख, त्या तारखेस असलेले राज्य आणि त्या राज्याचा कायदा, ह्या तीन गोष्टी प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर प्रथम लिहाव्यात.

७. दयेकडून हक्काकडे

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत गरोदर बंदिनीस जी काही सवलत मिळे, ती कृपा म्हणून मिळे. ह्या दृष्टीत पालट झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००६ च्या निर्णयाने. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य ह्या प्रकरणात सरन्यायाधीश सभरवाल ह्यांच्या खंडपीठाने असे निर्देश दिले की, गरोदर स्त्रीस तुरुंगात धाडण्यापूर्वी तेथे प्रसूतीच्या व आरोग्याच्या किमान सोयी आहेत ह्याची खात्री करावी. तिची तपासणी जिल्हा रुग्णालयात व्हावी. शक्यतो तात्पुरती सुटका देऊन बाळंतपण तुरुंगाबाहेर करावे. आणि प्रसूती तुरुंगात झालीच, तर जन्माच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचा उल्लेख न करता त्या भागाचा पत्ता लिहावा. मुलाच्या बारशाचीही सोय असावी, असे त्यात म्हटले आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलास आईजवळ राहता येते. मात्र त्याला कैदी समजू नये, हे न्यायालयाने बजावले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी १,५३७ जणींबरोबर त्यांची १,७६४ मुले होती. प्रश्नाचा व्याप ह्यावरून समजतो.

मुंबई उच्च न्यायालयाने ह्या दिशेने आणखी पाऊल टाकले. सप्टेंबर २०१६ मध्ये भायखळा तुरुंगातील स्थितीच्या अनुषंगाने न्यायमूर्ती ताहिलरमाणी व भाटकर ह्यांच्या खंडपीठाने असा निर्णय दिला की, गर्भ ठेवावा की नाही हे ठरविण्याचा १९७१ च्या कायद्याने स्त्रीस दिलेला अधिकार तुरुंगाच्या दारात संपत नाही. ज्या गर्भपाताबद्दल १८६० च्या संहितेने तिला आरोपी केले होते, त्याच बाबतीत कैदेत असताही तिची इच्छा प्रमाण मानली गेली, हा पालट मूलगामी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने अमली पदार्थविषयक गुन्ह्यातील एका गरोदर आरोपीस सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगातील बाळंतपणाचा परिणाम मातेवर आणि मुलावर, दोघांवरही होतो, हे त्याचे कारण होते. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली मान्य केलेल्या बँकॉक नियमांनीही प्रसूतीच्या वेळी स्त्रीस बेड्या घालण्यास पूर्ण मनाई केली आहे आणि गरोदर स्त्रीस शक्यतो कारावासाव्यतिरिक्त शिक्षा द्यावी, असे सुचविले आहे.

८. अभ्यासाची दिशा

वरील विवेचनावरून ह्या विषयाचे तीन टप्पे दिसतात. पहिल्यात गर्भ वाचविला जातो आणि स्त्री दंडास उरते. दुसऱ्यात गर्भच स्त्रीविरुद्ध साक्षीदार होतो. तिसऱ्यात बंदिनी ही स्वतःच्या देहाविषयी व अपत्याविषयी बोलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती म्हणून न्यायालयापुढे उभी राहते. हे टप्पे सरळ रेषेत एकामागून एक आले, असे समजू नये. तिसऱ्या टप्प्यातील निर्णय कागदावर असताना पहिल्या टप्प्यातील मनोवृत्ती एखाद्या कोठडीत नांदू शकते. निर्णय झाला त्या तारखेपासून व्यवहार बदलला, असे गृहीत धरणाऱ्या लघुप्रबंधास इतिहास म्हणता येणार नाही.

विद्यार्थ्यास दोन सूचना कराव्याशा वाटतात. अलीकडील प्रकरणांत हयात असलेल्या स्त्रियांची नावे, गावे व ओळख पटेल असे तपशील निर्णयात छापलेले असले, तरी आपल्या लेखनात घेऊ नयेत. तुरुंगात मुलाखती घ्यावयाच्या तर कारागृह खात्याची लेखी परवानगी आणि त्या स्त्रीची खुषी, दोन्ही हवीत. दुसरे असे की, विषयाची मर्यादा लहान ठेवावी. एक जिल्हा, वीस वर्षे आणि एकाच प्रकारचे गुन्हे एवढे क्षेत्र एका वर्षाच्या कामास पुष्कळ आहे.

जन्मदाखल्यावर तुरुंगाचे नाव असू नये, असे न्यायालयाने सांगितले ते मुलाच्या हितासाठी, आणि ते सर्वथैव योग्य आहे. परंतु ह्या न्याय्य नियमामुळेच पुढील काळातील संशोधकाला त्या जन्माचा माग जन्मनोंदीत सापडणार नाही. ज्याला विसरले जाण्याचा हक्क आहे त्याचे नाव गाळून, ज्या व्यवस्थेला विसरता कामा नये तिचा इतिहास लिहावयाचा, हे ह्या विषयातील खरे अवघड काम आहे. शिरूर अनंतपाळसारख्या ठिकाणच्या अभ्यासकाने ते आपल्या परिसरापासून सुरू करावे. तीन राज्यांतील दप्तरांत विखुरलेला हा कागद एकत्र आणून वाचण्याची निकड त्याला जितकी जाणवेल, तितकी दुसऱ्या कोणास क्वचितच जाणवेल.